खुर्चीवर बसलेला चंद्र

पोरांनो,

गेल्या रविवारी आपण व्हिडिओवर बोललो तेव्हा धाकटीने सांगितलं, की माझ्या मागे भिंतीवर जे चित्र दिसतं त्याचा तिने स्क्रीनवरूनच फोटो काढला, कॉलेजच्या वर्गात दाखवला आणि ही आमच्याकडची लोककला आहे असं सांगितलं. सरांना फार आवडलं म्हणे. मी "अगं, पण" म्हणेपर्यंत तुमच्याकडे दाराची बेल वाजली आणि बोलणं राहिलं. उठता उठता थोरल्याने विचारलं, "बाय द वे आजी, त्या चेअरवर मून का बसलाय?"

ते चित्र आपल्याकडचं नाही. रविवारपासून हे वाक्य मी मनात घोळवते आहे, आणि दर वेळी वाटतं की ते पुरतं खरं नाही. म्हणून लिहायला बसले. वस्तू जागच्या जागी ठेवायची मला सवय आहे, त्यावरून तुमची आई मला अजून चिडवते. पण ही एक गोष्ट मला कधी नीट लावून ठेवता आली नाही. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला लागले की मी शाळेतल्या निबंधासारखं लिहिते. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात मी प्लेनोला आले, धाकटीच्या वेळच्या बाळंतपणासाठी. थोरला तेव्हा चार वर्षांचा होता. तुमचे आजोबा पुण्यालाच राहिले. टेक्सासचा उन्हाळा सोसणार नाही असं ते म्हणत. खरं कारण विमानात इतका वेळ बसणं त्यांना जमत नसे. संध्याकाळी ऊन उतरलं की मी थोरल्याला घेऊन पाय मोकळे करायला जायची. तिथली घरं तुम्हाला आठवत नसतील. सगळी तपकिरी विटांची, सगळ्यांपुढे तेवढाच हिरवळीचा चौकोनी तुकडा आणि तेच पांढरं गॅरेजचं दार. एकदा परत येताना मी आपलं समजून शेजारच्या गॅरेजात शिरले.

आत गाडी नव्हती. भिंतीएवढं एक चित्र ईझलवर चढवलेलं होतं आणि त्यात एका लांबलचक टेबलाभोवती माणसं बसली होती, कुणी हळदीसारखी पिवळी, कुणी राणी रंगाची. चित्रातच मागच्या भिंतीवर, फळीवर फोटो मांडलेले, त्यांतली माणसं हिरवी आणि निळी. पुरुषी शर्ट घातलेली एक बाई स्टुलावर बसून रंग कालवत होती.

"सॉरी," मी म्हणाले. "मला वाटलं हे आमचं घर."

"सगळ्यांनाच वाटतं," ती म्हणाली. "ही घरं एकाच माणसाने एका दुपारीत काढून टाकलीत. बसा ना."

थोरला चित्राजवळ जाऊन उभा राहिला. "व्हाय इज दॅट मॅन ग्रीन?"

"ते माझे आजोबा. तुला कुठल्या रंगाचे हवे होते?"

"ब्राउन."

"ब्राउन संपला," ती म्हणाली, आणि थोरल्याला ते इतकं पटलं की त्याने मान डोलावली.

आम्ही दोघी अर्थातच इंग्रजीत बोलायचो. तिचं बोलणं इथे मराठीत देते आहे. ती पंचेचाळिशीची असेल. एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात गॅरेजात हे काम. घरात ती आणि तिची आई, दोघीच. थोरला मला आजी म्हणतो ते ऐकून तीही आजी म्हणू लागली. तिच्या आजीइतकी काही मी म्हातारी नव्हते, पण चालवून घेतलं.

ती कोण आहे हेच मला आधी कळेना. मी विचारलं, "तुम्ही मेक्सिकोहून कधी आलात?"

"आलो नाही. पणजोबांच्याही आधीपासून आम्ही टेक्सासातच आहोत. आम्ही तिथेच राहिलो आणि देश बदलत गेले."

"म्हणजे तुम्ही अमेरिकन."

"हो."

"आणि तुमच्या आई?"

"आई मेक्सिकन. म्हणजे तिचं तसं म्हणणं आहे. जन्म तिचाही इथलाच."

"आणि बाहेर लोक तुम्हाला काय म्हणतात?"

"हिस्पॅनिक. आमच्या घरात तो शब्द कुणी वापरत नाही. बाहेर मात्र तोच चालतो. आता प्रदर्शन आहे ना, त्याच्या पत्रिकेवरही तोच आहे."

"मग तुम्ही नक्की कोण?"

ती ब्रश पुसत होती. म्हणाली, "आजी, ते ठाऊक असतं तर मी एवढा रंग कशाला घालवला असता?"

मला उत्तर मिळालं की नाही ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. बाळ झोपलं, तुमची आई झोपली की दुपारी तासभर मोकळा असायचा, आणि तिच्या गॅरेजात बसायला बरं वाटायचं.

तिला स्पॅनिश धड येत नव्हतं. तिच्या आईला लहानपणी शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, म्हणून त्यांनी आपल्या मुलांशी ती भाषा बोलायचीच नाही असं ठरवलं आणि पाळलं. आता म्हातारपणी मात्र रागावल्या, घाबरल्या, की त्यांच्या तोंडून स्पॅनिशच निघे, आणि मुलीला त्यातलं निम्मंच कळे. मी तिला सांगितलं, की आमच्याही शाळेत मराठी बोललं तर बाकावर उभं करत. "मग तुम्हाला काय वाटायचं?" तिने विचारलं. मी पुष्कळ आठवून पाहिलं. "काही नाही," मी म्हणाले. "बाकावरून खिडकीबाहेरचं चांगलं दिसायचं." ती माझ्याकडे बघतच राहिली. आपण काही चुकीचं बोललो का, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

चित्राची पद्धत मात्र मला लगेच समजली, आणि आवडली. जिवंत माणसं पिवळी, तांबडी, गुलाबी. गेलेली माणसं हिरवी, निळी. गेलेल्यांचे फोटो मागच्या फळीवर. त्या फळीला ते ओफ्रेंदा म्हणतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरोघर अशी मांडणी करायची, फोटो ठेवायचे, दिवे लावायचे, त्या माणसाच्या आवडीचं खायला ठेवायचं. आपल्या सर्वपित्रीला पान वाढतात तसंच, असं मी मनात म्हटलं आणि ती गोष्ट तिथे ठेवून दिली.

टेबलाची एक खुर्ची तेवढी राहिली होती. तिच्यावर एका पुरुषाचा चेहरा नुसत्या खडूने काढलेला होता, रंग काहीच नाही. आणि मागच्या फळीवर एक चौकट होती, तीही रिकामी.

"हा कोण?" मी एकदा विचारलं.

"माझा भाऊ. तो कुठे जाणार ते अजून ठरायचंय."

तो ट्रक चालवायचा. वडिलांशी भांडून घर सोडून गेला. काही वर्षं सणावाराला फोन यायचा, मग तो नंबर बंद झाला, मग पाठवलेली पत्रं परत येऊ लागली. वडील वारले तेव्हाही आला नाही.

"तेव्हाच मी समजले," ती म्हणाली. "जिवंत असता तर आला असता."

तिच्या आई घरातून गॅरेजात उघडणाऱ्या दारात उभ्या होत्या. बुटक्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, नेहमी एप्रन बांधलेल्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "त्याला कळवलं कोणी? तू कळवलंस?"

"कुठे कळवणार होते, मामा?" मुलगी म्हणाली. आईला ती मामा म्हणे.

"मग तो कसा येणार?" आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीच सांगा, सेन्योरा. न कळवता कोणी येतं?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्या आत गेल्यावर तिने मला सांगितलं, की दर नाताळला आई त्याचं ताट मांडते आणि जेवणं झाली की ते न खाल्लेलं ताट उचलावं लागतं ते मुलीला. "मला ते थांबवायचंय. या चित्रात त्याला आजोबांशेजारी ठेवते, निळा करते. आई ते एकदा बघेल, रडेल, आणि मग आम्ही दोघी जेवू." आईचं म्हणणं अगदी साधं होतं: खुर्चीवर बसव आणि पिवळा कर. जिवंत माणसाचा फोटो त्या फळीवर ठेवायचा नसतो. ठेवणं म्हणजे आपण त्याला ढकलून देणं. प्रदर्शन नोव्हेंबरात होतं, एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. तोवर तिला ठरवायचं होतं.

मी दोघींचं ऐकायची. मला दोघींचं पटायचं. हे काही बरोबर नाही हे मला कळत होतं, पण तसंच होतं.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. तिच्या आईने परसात झेंडू लावला होता, कुंपणाच्या कडेने अख्खी रांग, आणि तो असा फुलला होता की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसता केशरी पट्टा दिसायचा. खंडेनवमीच्या सकाळी मी थोडी फुलं मागायला गेले. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एप्रन भरून फुलं आणून दिली. मी सुईदोरा घेऊन बसले. दाराला तोरण झालं, देवाला झालं, तुमच्या बाबांच्या गाडीला हार झाला.

"आई, हायवेवर उडेल हो तो," तुमचे बाबा म्हणाले.

"उडाला तर उडाला. आज घातला पाहिजे."

तुमच्या आईने लॅपटॉप पुढे केला, पण वर हात धरून. "कुंकू बाजूला लाव हं आई, कीबोर्डमध्ये गेलं तर सगळं कॅन्सल."

सगळ्यांची अवजारं पुजून झाली तरी एक हार उरला. तुम्हाला माहीत आहे का मला ठाऊक नाही, खंडेनवमीला ज्याचं पोट ज्या वस्तूवर चालतं ती वस्तू पुजतात. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन. मला वाटलं, शेजारी एवढे ब्रश आहेत आणि त्यांना आज कुणी हळदकुंकू लावणार नाही. दुपारी हळदकुंकवाची कुयरी आणि हार घेऊन मी गॅरेजात गेले.

"ब्रशची पूजा?" ती हसली. "खुशाल करा. कुणीतरी त्यांना मान देतंय." तेवढ्यात आत फोन वाजला म्हणून ती गेली.

मी ब्रशांच्या बरणीला हळदकुंकू लावलं. रंगांच्या पाटीला लावलं, स्टुलाला लावलं. मग हार राहिला. ईझल हीच सगळ्यात मोठी वस्तू, तेव्हा हार तिला. वर दोन बाजूंना दोन खुंट्या होत्या, त्यांत मी हाराची टोकं अडकवली आणि हार मधे खाली झुलला. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. मला छान वाटला. हार नेमका त्या खडूच्या चेहऱ्याभोवती आला होता, हे मी पाहिलं असणार; पण माझ्या दृष्टीने तो हार ईझलचा होता.

तिच्या आई कॉफीचा कप घेऊन दारात आल्या. चित्राकडे पाहिलं. कप जमिनीवर ठेवला. मग माझ्याकडे बघत एक शब्द बोलल्या, स्पॅनिशमध्ये. मी हसले. त्यांनी तोच शब्द पुन्हा उच्चारला, अगदी हळू.

"हॅपी दसरा," मी म्हणाले.

त्या पुढे आल्या. हाराची दोन्ही टोकं खुंट्यांवरून काढली, एकही फूल न दुखावता, तो ओंजळीत गोळा केला आणि आत निघून गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मला वाटलं, कुंकू लावलं ते त्यांच्या धर्मात चालत नसेल. मी घाईने ब्रश पुसायला लागले. ती परत आली तेव्हा माझ्या पदराला तांबडं लागलं होतं. मी तिला झालं ते सगळं सांगितलं, तो शब्द जमेल तसा म्हणून दाखवला. तिचा चेहरा पडला.

"'कधी,'" ती म्हणाली. "ती विचारत होती, कधी गेला. आजी, आमच्याकडे हे फूल मेलेल्यांचं. त्यांना घरची वाट दिसावी म्हणून घालतात. तिला वाटलं मला बातमी आली, आणि माझ्या तोंडून निघेना म्हणून मी तुम्हाला हार घालायला पाठवलं."

मी त्या स्टुलावरच बसले. चित्रातल्या फळीवर तिने झेंडू रंगवलाच होता, रोज माझ्या डोळ्यांपुढे होता. पण देवापुढे झेंडू असतोच, त्यात विशेष काय, असंच मी धरून चालले होते. आणि आपल्याकडेही कुणाच्या फोटोला हार घालतात हे मला कुणी सांगायला नको होतं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. मी फक्त ईझलला हार घातला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. आईचा मुलीवर विश्वास बसेना. बातमी आली आहे आणि तू लपवते आहेस, हे एकच. प्रदर्शनाला मी येणार नाही, आणि खरं सांगत नाहीस तोवर माझ्या मुलाचा चेहरा कुठेच काढायचा नाही, खुर्चीवर नाही आणि फळीवरही नाही. मुलीने खडूचा चेहरा पुसून टाकला. गॅरेजचं दार खाली गेलं ते गेलंच.

"आई, तुला कुणी सांगितलं होतं शेजाऱ्यांकडे पूजा करायला?" तुमची आई म्हणाली.

"नवमी होती."

"अगं, नवमी आपली!"

मी कुयरी पुसून देवाजवळ ठेवली.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि त्यांचा मृतांचा सण एकाच वेळी आले. आमच्या पायरीवर पणत्या, त्यांच्या खिडकीत मेणबत्त्या. रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असेल की दोन्ही घरी एकच सण आहे. मी करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट घेऊन गेले. तिच्या आईने दार उघडलं, ताट घेतलं, "ग्रासियास" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताट पायरीवर ठेवलेलं सापडलं, त्यात साखर भुरभुरलेला एक गोल पाव होता, वर कणकेची नक्षी हाडांसारखी. हा मृतांचा पाव, ते मी ऐकून होते. मला माफ केलं, की मेलेल्यांत मोजलं, काही कळेना. थोरल्याने मात्र तो दोन दिवसांत संपवला.

मग भाऊबीज आली. मला भाऊ नाही, आम्ही तिघी बहिणी. लहानपणापासून आम्ही तिघी चंद्राला ओवाळत आलो. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर मी पुण्याहून आणलेलं निरांजन पेटवलं, तबकात अक्षता आणि सुपारी घेतली आणि मागच्या परसात गेले. थोरला माझ्यामागे. चंद्र समोरच्या छपरांवर अगदी खाली होता, नखाएवढी पिवळी कड, आणि नीट पाहिलं तर आतला काळोखा गोलही दिसत होता, निळसर. शेजारी एक ठळक चांदणी.

मी ओवाळत होते तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला. "आजी, काय करताय?"

ती तिथेच होती, आणि तिच्या आई वाळलेला झेंडू उपटत होत्या. पुन्हा काही भलतं होऊ नये म्हणून मी आधी स्पष्ट सांगितलं, "हे फुलाचं काही नाही. आज बहिणी भावांना ओवाळतात. मला भाऊ नाही, म्हणून चंद्राला."

तिने ते आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये आईला सांगितलं. आईने तिचा एक शब्द सुधारला, मग दुसरा. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"ती विचारते, तुमचा भाऊ मेला का?"

"नाही. मला झालाच नाही."

हे भाषांतर होऊन पोचलं तेव्हा त्या आणखीच गोंधळल्या. "नसलेल्या भावाला?"

मग मी माझ्या आईचं सांगितलं. मला एक मामा होता, त्याची नोकरी लांब होती. तो यायचा त्या वर्षी आई त्याला ओवाळायची, येऊ शकला नाही की चंद्राला. मग मामा वारला. त्या वर्षीही आईने तबक केलं आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. आम्ही काही विचारलं नाही, तीही बोलली नाही.

कुंपणापलीकडे झेंडू उपटायचा थांबला. मग म्हातारीने इंग्रजीतच विचारलं, "तेच ताट?"

"तेच."

"तोच दिवा?"

"तोच. हेच निरांजन. तिचंच आहे हे."

"जिवंत असताना आणि मेल्यावर, सारखंच?"

"भाऊ समोर नसला की चंद्र," मी म्हणाले. "तो समोर का नाही, ते कोणी विचारत नाही."

त्या दिसेनाशा झाल्या. त्या आत गेल्या असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने आमच्या बाजूचं फाटक वाजलं. सपाता घातलेल्या पायांनी त्या पुढून वळसा घालून आल्या होत्या, आणि मागोमाग मुलगी. त्यांनी तबकासाठी हात पुढे केले. मी जरा घुटमळले. "बहिणीनं ओवाळायचं असतं, आईनं नाही," मी सांगितलं.

त्यांनी तबक माझ्याकडून घेतलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"मामा, नको," ती म्हणाली.

"कर."

तिने केलं. डावीकडून उजवीकडे की उलट, तिला समजेना. "रॉंग वे!" थोरला ओरडला. "आजी, शी इज डुइंग इट रॉंग!"

"वर धर," तिची आई म्हणाली. "तो बुटका नव्हता."

ती हसली आणि हसताहसता निरांजन कलून तूप तबकात सांडलं. चंद्र छपरामागे जाईपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो. तुमच्या आईने दार उघडून विचारलं, "इथे काय चाललंय?" आणि उत्तर न मिळाल्यामुळे धाकटीला कडेवर घेऊन तीही बाहेर येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजचं दार उघडं होतं. खुर्चीवर चंद्र बसला होता. आदल्या दिवशी पाहिला तस्सा: कड पिवळी, आतला गोल निळा. मागच्या फळीवरची रिकामी चौकट तिने रंगवून भिंतीत बुजवून टाकली होती.

"ठरलं मग?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आता ते रिकामं दिसत नाही."

तिच्या आई प्रदर्शनाला आल्या. चांगला जांभळा झगा घालून चित्राशेजारी खुर्ची मांडून बसल्या, आणि येईल त्याला त्या चंद्राकडे बोट दाखवून "माझा मुलगा" म्हणून सांगत होत्या. लोक मान हलवून पुढे जात. टाय लावलेले एक सद्गृहस्थ माझ्याजवळ आले आणि, मी साडीत असल्यामुळे मला काही माहीत नसणार असं धरून, चंद्र हे या बाईच्या पूर्वजांचं फार प्राचीन प्रतीक आहे असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. तिने मागून माझा हात दाबला. मग मलाच शंका आली की कोण जाणे, असेलही. त्यांच्याकडेही चंद्र होताच की.

त्या नाताळला तिने ताट उचललं की नाही, ते मी विचारलं नाही. थंडीत मी परत आले. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने जाड कागदावर काढलेलं एक लहान चित्र मला दिलं, मोठ्या चित्रातला तेवढाच भाग: टेबलाचा कोपरा, खुर्ची आणि चंद्र. दोन वर्षांनी तुम्ही घर बदलून नेपरव्हिलला गेलात. तिची नाताळची कार्डं काही वर्षं पुण्याला येत होती, मग थांबली. भावाचं त्यांत कधी काही नसे. मोठं चित्र कुणाकडे गेलं, तिच्या आई आहेत का, मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत मी दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं, आणि तिचीही आठवण ठेवली. ते तिच्या भावासाठी, की तिच्यासाठी, याचा विचार मी सोडून दिला आहे.

तेव्हा धाकटे, सरांना काय सांगायचं ते तूच ठरव. चित्र तिचं आहे. चंद्र कुणाचा, ते मला सांगता येत नाही.

निरांजन देवघरात आहे. चित्र भिंतीवर आहे. दुपारचं ऊन तिथे येतं, त्यामुळे टेबलाचा गुलाबी रंग उडाला आहे. खुर्ची, पिवळी कड आणि निळा गोल अजून आहेत.